देवाची परटीण

मावशीच्या हातांना खळीचा वास येत असे. भात वेळताना, माझी वेणी घालताना, काकांच्या पाठीवरून हात फिरवताना तो आंबूस, उबदार वास तिच्याबरोबर असायचाच. सोलापूरच्या आमच्या चर्चमधली वेदीवरची वस्त्रे ती धूत असे: मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी द्राक्षारसाच्या पात्राखाली अंथरायचा चौकोनी रुमाल, पात्र पुसायची अरुंद पट्टी, वेदीवरची लांब शुभ्र चादर. काका तिला ‘देवाची परटीण’ म्हणत आणि ते नाव तिला पदवीसारखे आवडे.

त्या रुमालांचे पहिले पाणी मोरीत जाता कामा नये, असा दंडक होता. ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा एखादा कण त्यात उतरला असेल, म्हणून ते मातीलाच द्यायचे. दुष्काळात टँकरपुढे हंड्यांची रांग लागे, तेव्हाही मावशी तांब्याभर पाणी वेगळे काढी आणि धुणे झाले की दारातल्या तगरीच्या मुळाशी ओती. शेजारची नरसव्वा उंबऱ्यावर विड्या वळता वळता तिला डिवचायची, “अक्का, मानसं तानेली आन् तुमचं झाड पानी पितंय की.”

“झाड कुटं पितंय? देव पितोय. तू विड्या वळ.”

नरसव्वा हसे. दुसऱ्या दिवशी तिच्या हंड्यातले तांब्याभर पाणी मात्र मुकाट्याने आमच्या दारात येऊन बसे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. माझे वडील केमच्या स्टेशनात रेल्वेत होते आणि मी कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आले होते. मावशीला मूल नव्हते. काकांनी गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात उभे आयुष्य काढले आणि तो कापूस त्यांच्या छातीत घर करून राहिला. ते श्वास घेत तेव्हा आत कुठेतरी कोरड्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखे वाटे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की दम अधिक लागे. पुढे सगळेच वार सोमवार झाले आणि गिरणीने त्यांना घरी बसवले.

निराश होण्याची मावशीची एक पद्धत होती. काकांना हलके काम मिळावे म्हणून तिने देवमातेचा नऊ बुधवारांच्या प्रार्थनेचा नोव्हेना केला. काम मिळाले नाही. खोकला उतरावा म्हणून पुन्हा नऊ बुधवार. खोकला उतरला नाही. दहाव्या बुधवारी ती तसबिरीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आज मी तुझ्याशी बोलनार न्हाय.” मग मेणबत्ती लावली आणि न बोलता गुडघे टेकून बसली. मी विचारले, “आता?” ती म्हणाली, “आता काय, परत एकपासनं. तिला मोजता येत नसंल, मला येतंय की.”

त्या सुमारास एक तरुण फादर नव्याने आले होते. एका रविवारी प्रवचनात त्यांनी सांगितले की आजाऱ्याला लावायचे पवित्र तेल केवळ मरणाऱ्यासाठी नसते; ते दुखणेकऱ्याला बळ देण्यासाठी असते, वेळेवर बोलवा. मी उत्साहाने घरी येऊन म्हटले, “मावशी, काकांसाठी फादरना बोलावू या.”

ती इस्त्रीत कोळसे भरत होती. तिचा हात थांबला. “माझ्या सासऱ्यांना तेल लावलं, त्याच दिवशी गेले. थोरल्या दिरांना लावलं, दुसऱ्या दिवशी गेले. तेल घरात आलं की मानूस उठत न्हाय, पोरी. फादर नवे हाईत.”

ज्या बाईने देवाचे पाणीसुद्धा वाया जाऊ दिले नाही, तिने देवाचे तेल मात्र दाराबाहेर थोपवून धरले. आमच्या लोकांत हे भय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. पुस्तके शिकून आलेली मीही त्याच्यापुढे गप्प बसले.

काका गप्प नव्हते. बोलायला श्वास पुरत नसे, तरी ते विचारत, “फादर आले काय गं?”

“उद्या येनार हाईत,” मावशी सांगे आणि पाठ फिरवून त्यांची उशी सारखी करू लागे. असे सहा ‘उद्या’ गेले.

सातव्या दिवशी दुपारी काकांची नखे निळसर दिसू लागली. मावशी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, “जा. आन फादरना.” मी उन्हातून धावत गेले. फादर पुढ्यातले ताट सारून तसेच उठले. आम्ही पोहोचलो तेव्हा नरसव्वा दारात उभी होती, तिने नुसती मान हलवली. फादरांनी मृतांसाठी प्रार्थना म्हटली. हातातली तेलाची लहानशी डबी त्यांनी न उघडता खिशात ठेवली. ती खिशात जाताना मावशीने पाहिली. काकांच्या चेहऱ्याकडे तिने नंतर पाहिले.

त्यानंतर कित्येक महिने ती वस्त्रे धूत राहिली, पण मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठली नाही. सगळे रांगेने पुढे जात. ती बाकाशी गुडघे टेकून खाली बघत राही. शेवटी एका शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. परतताना मला म्हणाली, “फादर म्हनाले, देवाला डबीची गरज नसती.” थोडे चालून झाल्यावर म्हणाली, “त्याला नसंल. तुझ्या काकांना होती की.”

तीन वर्षांनी माझी आई पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळली. मी केमला परतले होते. एके दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मावशी आली, बरोबर फादर. फादरांनी गळ्यात जांभळी पट्टी घातली, तशी आईने भिंतीकडे तोंड फिरवले. “ताई, तेल घेऊन आलीस? संपलं म्हन की माझं.”

मावशी खाटेच्या कडेला बसली. कपाळावरचा पदर तिने मागे सारला. “फादर, आदी मला लावा. गुडघे गेलेत, दम लागतोय, मीबी आजारीच हाय की.”

फादर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी अंगठा तेलात बुडवला, तिच्या कपाळावर क्रूस काढला, तिच्या दोन्ही तळहातांवर काढला. मग मावशी आईला कोपराने ढोसून म्हणाली, “बघ. पडले का मी?”

कित्येक आठवड्यांनी आई हसली. हसता हसताच तिने गोधडीतून हात बाहेर काढले आणि फादरांपुढे धरले. ती त्यानंतर अकरा दिवस जगली. त्या अकरा दिवसांत दार वाजले तरी दचकली नाही.

तेल लावले त्या दिवशी फादर परत निघाल्यावर मावशी बराच वेळ परसातल्या दगडावर बसली होती. मी पाणी घेऊन गेले, तर तिने हात पुढे केला नाही. मांडीवर उघडे ठेवलेले दोन्ही तळहात उन्हात चमकत होते.

“तुझ्या काकांनी एवढंच मागितलं हुतं गं,” ती म्हणाली. “एवढं थेंबभर.”