जरा कॅमेरा फिरवा

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षं झाली, तेव्हा मला नव्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायचं काम मिळालं. सुरतेतल्या घरूनच, लॅपटॉपवर. वडिलांनी खानदेशातून येऊन इथल्या पांडेसरा भागात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये हयात घालवलेली, त्यामुळे घरात या कामाचं फार कौतुक. पण कंपनीनं आम्हाला सगळ्यात आधी शिकवला तो संशय. समोरच्याची नजर कुठे जाते बघा, ओठ बघा. बाजूला कुणी उत्तरं सांगत असेल.

एके दिवशी समोर आलेली मुलगी सुरतेचीच होती. दुपारची वेळ. प्रश्न दिला की ती थांबायची, डावीकडे बघायची, ओठ हलवायची आणि मग अगदी हळू आवाजात बरोबर उत्तर द्यायची. एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्या वेळी मी ठरवूनच टाकलं, हिच्या डाव्या हाताला कुणीतरी बसलंय.

"जरा मोठ्यानं बोला," मी म्हटलं.

"मॅडम, मोठ्यानं नाही बोलता येणार."

"का?"

तिनं पुन्हा डावीकडे बघितलं. मला वाटलं, सापडली.

"मग जरा कॅमेरा फिरवा. पूर्ण खोली दाखवा."

तिचा चेहरा पडला. तिनं लॅपटॉप उचलला. पत्र्याचं कपाट, गॅसची शेगडी, आणि डावीकडे खाटेवर बनियनमध्ये झोपलेला एक माणूस, डोळ्यांवर टॉवेल.

"पप्पा आहेत. रातपाळी करून आलेत. खोली एकच आहे आमची."

मी घाईघाईनं "ठीक आहे" म्हटलं. एका परक्या बाईला आपला झोपलेला बाप दाखवायला लावला होता मी तिला. तरी मनातली शंका गेली नाही. ओठ का हलतात? पुढचा प्रश्न दिला आणि कान देऊन ऐकलं. ती पुटपुटत होती, "आते याना दोन भाग करूत, मंग देखूत."

अहिराणी! माझ्या घरातली भाषा. ती आधी स्वतःशी अहिराणीत विचार करत होती आणि मग मला इंग्रजीत सांगत होती. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले होते, फक्त ओठ मिटून.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं आणि 'घ्यावी' असा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन.

"ही मुलगी तुमच्या ओळखीची आहे का?"

"नाही."

"पण तुमच्याच भाषेची, तुमच्याच शहरातली. आणि ती काय पुटपुटते ते फक्त तुम्हालाच कळतं."

रेकॉर्डिंग ऐकून खात्री करू शकेल असं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या मुलाखत." दुसऱ्या एकानं ती घेतली. आठवड्याभरानं कळलं, तिची निवड झाली, दुसऱ्या टीममध्ये. साहेब माझ्याशी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. महिनाभर मात्र माझ्या प्रत्येक मुलाखतीत आणखी एक जण बसू लागला, नुसता ऐकायला.

ती रुजू झाली तेव्हा ऑफिसच्या चॅटवर तिचं नाव दिसलं. अहिराणीत दोन ओळी लिहिल्या, माफी मागणाऱ्या. मग वाटलं, हे कुणी वाचलं तर? पुन्हा ओळखीचा विषय निघाला तर?

ओळी पुसल्या. इंग्रजीत 'अभिनंदन' एवढंच पाठवलं.

तिनं लगेच उत्तर दिलं, तेही इंग्रजीतच. "थँक यू, मॅडम."