चाळीस पुस्तकांचं वाण

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ एवढी पक्की कशी ध्यानात राहिली म्हणाल, तर नेमकं तेव्हाच स्टोव्हवरचं दूध उतू गेलं, आणि मी घड्याळाकडं बघून म्हटलं, "आत्ता कोण आलं बाई?" त्या दुधानं मला इशारा दिला होता हो! पण माझं मेलीचं लक्ष कुठं होतं?

दारात सुरेखा, माझी चौथीतली लेक. मागं शाळेचा शिपाई, आणि त्याच्या सायकलला बांधलेली पत्र्याची पेटी.

"माने बाईंनी पाठवलीया," शिपाई म्हणाला. "चाळीस पुस्तकं हायत. गल्लीतल्या बायकांना द्यायची. रथसप्तमी झाली की शनिवारी बाई येतील बघायला."

एवढं बोलून गेला की तो!

माने बाई म्हणजे शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या. ग्रंथालय म्हणजे आधी एक कपाट होतं, त्याचंही दार दोरीनं बांधलेलं. पण त्या वर्षी बाईंनी पेठेत दारोदार हिंडून पुस्तकं मागितली. लोकांनी दिलीही. कुणी माळ्यावरची काढून दिली, कुणी नवी घेऊन दिली. शिरोलीला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. आमचे हे तिथंच फौंड्रीत होते. त्यांच्या मंडळींनी लोखंडी मांडण्या करून दिल्या. पालकांच्या सभेत बाई म्हणाल्या होत्या, "आता ठेवायला जागा नाही. पुस्तकं घराघरात गेली पाहिजेत. पहिली पेटी सुरेखाच्या आईंकडं."

सगळ्या सभेत माझ्याकडं! मी सातवी झालेली. माझ्या शेजारी मॅट्रिक झालेल्या दोघी बसल्या होत्या. सुरेखानं तर त्या दिवसापासून शाळेत मान वर करूनच चालायला सुरुवात केली. मला मात्र रात्रंदिवस एकच धास्ती, आपल्या हातून काही चुकलं तर पोरीला तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

आता तुम्हीच सांगा, संक्रांत चार दिवसांवर. मी पंधरा दिवस विचार करतेय, यंदा हळदीकुंकवाला वाण काय लुटावं? चाळणी झाली, करंडा झाला, आरसा झाला. आणि दारात चाळीस पुस्तकं येतात! बायकांना द्यायची म्हणून! शाळेत ठेवायला जागा नाही म्हणून! कुणाच्या डोक्यात दुसरं काय आलं असतं?

बरं, शाळेत जाऊन नीट विचारायचं, तर ते धाडस नाही. बाई म्हणतील, एवढंही कळत नाही हिला.

मी प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, कव्हरावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, वर रंगीत कागद गुंडाळून तिळगुळाची पुडी बांधली. गल्लीत असं वाण कुणी लुटलं नव्हतं! हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारच्या हौसाबाईंनी तिथंच कागद सोडून बघितला.

"का गं, ह्याच्यावर शाळेचा शिक्का हाय की!"

"शाळेनंच दिल्यात," मी म्हटलं. अशा तोऱ्यात, की जणू शाळा माझ्या माहेरची!

पलीकडच्या शकीलाभाभींनाही मुद्दाम बोलावून पुस्तक दिलं. गर्दी एवढी, की मी मसाल्याचं दूध आणायला आत गेले तेव्हा सासूबाईंनी कुंकू लावून वाण द्यायला घेतलं. दिवेलागणीपर्यंत पेटी रिकामी. मी खूश.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, पेटी पुसून परत पाठवावी. तळाला कागद अंथरला होता, तो उचलला. खाली वही. पहिल्या पानावर माने बाईंचं टपोरं अक्षर : 'पुस्तक नेणाऱ्याचं नाव लिहावं. पंधरा दिवसांत परत घ्यावं. सगळी पुस्तकं परत आली तरच गल्लीत पेटी कायम राहील.'

"अगं आई गं!" मी ओरडलेच.

"काय झालं गं?" सासूबाई.

"आत्याबाई, पुस्तकं परत मागावी लागणार."

"वाण? परत?" सासूबाईंनी जप थांबवला. "हळदीकुंकू लावून दिलेलं वाण परत मागणारी बाई आमच्या घराण्यात अजून झाली न्हाई! आन् माझ्या जित्तेपणी व्हायची न्हाई!"

आता काय करावं? परत मागितलं तर सासर गेलं, नाही मागितलं तर शाळा गेली. पेटी गल्लीतून उचलून नेणार, आणि सुरेखाची मान खाली.

मग मी युक्ती काढली. मागायचं नाही. वाचायला आणायचं!

पहिली गेले हौसाबाईंकडं. "काकी, ते पुस्तक जरा वाचायला देता का?"

"अगं, चाळीसच्या चाळीस तुझ्या घरात हुती, तवा काय डोळं मिटून बसलीवतीस व्हय?"

"तेव्हा सणाची गडबड होती."

"ने बाई. मला काय, मी त्याच्यावर पापड वाळत घातल्यात. पापड तेवढं ठेवून जा."

असं करत रोज तीन-चार घरं. कुणी लगेच दिलं. कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून दारात आडवी उभी राहिली, "वैनी, वाघ आत्ता कुठं गावात शिरलाय. न्हाई द्यायची मी!" तिच्या वाघाला गावाबाहेर काढायला तीन दिवस लागले. शकीलाभाभींचे मालक बाइंडिंगचं काम करायचे. पुस्तक सुटलेलं बघून त्यांनी ते शिवून, पुठ्ठा घालून दिलं. भाभी म्हणाल्या, "तुमी दिलं तवा म्हातारं हुतं, आता जवान करून दिलंय."

पण गल्लीला डोळे असतात. रोज ही बाई पदराखाली पुस्तकं घेऊन घरी जातेय, म्हणजे काय? पाचव्या दिवशी आमचे हे कामावरून आले ते हातात जास्त उजेडाचा बल्ब घेऊन.

"हे कशाला?"

"मला तरी सांगायचंस की! सगळी फौंड्री इचारतीया, वैनी मॅट्रिकला बसणार म्हणं!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातातली परात काढून घेतली. "ठेव ती. भाकरी मी थापतो. तू बस वाचत."

खरं सांगायचं होतं हो! पण खरं सांगायचं म्हणजे वाण परत गोळा करतेय हे सांगायचं. बसले मग बल्बाखाली पुस्तक उघडून. पुस्तक समोर, डोक्यात आकडे. चोवीस आली, सोळा राहिली. एकतीस आली, नऊ राहिली.

शुक्रवारी एकोणचाळीस झाली. चाळीसावं कुठं?

"मी दिलतं एकीला," सासूबाई म्हणाल्या. "गोरी बाई. चष्म्याची. गडबडीत हुती."

"नाव?"

"कुंकू लावताना नाव इचारत्यात व्हय?"

गल्लीत चष्म्याच्या तीन बायका. तिघींच्या घरी जाऊन आले. नाही.

शनिवारी माने बाई आल्या. सुरेखा माझ्या पदराला धरून उभी. सासूबाई नेमक्या देवळात गेल्या होत्या, तेवढंच नशीब. बाईंनी एकेक पुस्तक काढून मोजलं. एकोणचाळीसला थांबल्या. माझ्याकडं बघितलं. आणि मला रडू फुटलं! वाण, वही, वाघ, बल्ब, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी शांतपणे पर्स उघडली. खाकी कव्हर. हळदीकुंकवाची बोटं. चाळीसावं!

"मी आले होते हळदीकुंकवाला. तुम्ही आत होता. घरी जाऊन कागद सोडला, तर माझाच शिक्का, माझीच सही."

"अहो बाई, मग त्याच दिवशी सांगायचं नाही का? मी पंधरा दिवस दारोदार हिंडले!"

"कसं सांगणार? वाण परत करतात का कुणी?" बाई म्हणाल्या. "मी पण सासरी राहते हो."

दोघी हसलो. सुरेखाला काही कळेना, पण पेटी राहिली एवढं कळलं, आणि ती उड्या मारत बाहेर पळाली.

इथंच संपलं असतं तर काय हवं होतं! पण बाई पडल्या शिस्तीच्या. वही कोरी कशी ठेवणार? त्यांनी चाळीसच्या चाळीस पुस्तकं माझ्या नावावर लिहिली. नेली, परत केली. खाली माझी सही.

ती वही गेली हेडमास्तरांपुढं. आणि स्नेहसंमेलनात, अख्ख्या पेठेसमोर, माझं नाव पुकारलं. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारी पालक! पंधरा दिवसांत चाळीस! टाळ्या काय, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी काय! माने बाई कपाळाला हात लावून बसलेल्या. हेडमास्तरांनी विचारलं, "ताई, सगळ्यात कुठलं आवडलं?"

मी म्हटलं, "चाळीसावं."

तेवढंच खरं होतं.

आता बक्षीस खोटं ठरू नये म्हणून मी गुपचूप वाचायला घेतलंय. अकरा झाली. वाघाचं तर दोनदा. पण पेटी दर शनिवारी दुपारी चारला उघडते, आणि बायका आता अशा तुटून पडतात, की मला वाचायची म्हणून ठेवलेली पुस्तकं माझ्याच डोळ्यांदेखत जातात. तेव्हा एवढं करा. पेटीतलं पुस्तक जिच्या घरी असेल तिला निरोप द्या, लवकर आणून द्या म्हणावं. सुरेखाच्या आईला पुन्हा एकदा बघायचंय म्हणून सांगा. पुन्हा एकदा, हं! पहिल्यांदा म्हणू नका.