'माही न्हाई' म्हणणारे मामा

फोनवर धाकटे मामा, गंगाधर, बराच वेळ नुसतेच हुंदके देत होते. मग म्हणाले, "पोरी, दादा गेला." ज्यांच्या हातानं थोरल्या मारोतीमामांचा डोळा गेला, त्यांनीच मला ही बातमी द्यावी...

कळमनुरीजवळच्या माझ्या आजोळी मारोतीमामांची मेंढरं होती आणि चराईला गावाचं गायरान. नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात बापूराव नावाच्या बड्या शेतकऱ्यानं त्या माळावर ट्रॅक्टर घातला, काटेरी तार ओढली, मधलं तळंही आपलंच म्हणू लागला. मामा तार तोडून मेंढरं पाण्यावर घेऊन गेले. बापूरावाचे गडी कुऱ्हाडी घेऊन आले. आधी मेंढरं तोडली. गाभण मेंढ्यांची पोटं फाडली, तळ्याच्या कडेचं पाणी लाल झालं. मग मामांना पाडून कुऱ्हाडीच्या दांड्यांनी दोन्ही पाय मोडले. मी सुट्टीला तिथंच होते. आम्ही त्यांना बैलगाडीत घातलं, तेव्हा ते स्वतःसाठी कण्हत नव्हते, एकेका मेंढीला नावानं हाका मारत होते.

पाय वाकडे जुळले. त्याच पायांनी ते तहसीलच्या पायऱ्या वर्षानुवर्षं चढले. एकदा मीही सोबत होते. साहेबांनी विचारलं, "जमीन तुमची आहे का?"

"न्हाई साहेब, माही न्हाई."

"मग तक्रार कशाची?"

"गावाची हाय. बापूरावाचीबी हाय. पण त्याच्या एकट्याची न्हाई."

अखेर अतिक्रमण काढायचा हुकूम झाला. तार निघाली, गुलाल उधळला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्याच सकाळी आमचेच भाऊबंद दोऱ्या घेऊन माळावर आले... वाटण्या करायला. सगळ्यांच्या पुढे गंगाधरमामा. "आपण रगत सांडलं, आता आपला हिस्सा घिऊ," ते ओरडत होते. मारोतीमामा एका दोरीवर पाय देऊन, काठी आडवी धरून उभे राहिले. "ज्यांनी रगत सांडलं न्हाई, त्यांच्या शेळ्यांनी कुठं जावं? बापूरावानं घेतलं तर चोरी, अन् आपण घेतलं तर हिस्सा व्हय?"

गंगाधरमामांनी दगड उचलून मारला. जवळून, थेट डोळ्यावर. मामा एका गुडघ्यावर बसले. बोटांच्या फटींतून रक्त वाहत होतं, पण दोरीवरचा पाय त्यांनी हलवला नाही. हळूहळू एकेकानं दोरी खाली टाकली.

पोलिसांना मारोतीमामांनी सांगितलं, "ठेच लागून पडलो." भावाशी मात्र दोन वर्षं बोलले नाहीत. त्यानंतर माळ कुणी मोजला नाही.

मी दहाव्याला गेले तेव्हा माळावर चालत गेले. उन्हाळ्यात तळं आटलं की मारोतीमामा आपल्या विहिरीचं पाणी आणून तिथला सिमेंटचा हौद रोज सकाळी भरत. आता त्यात गंगाधरमामा घागरी रिकाम्या करत होते. हौदावर बापूरावाचे बैल पीत होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले,

"पिऊ दे. दादा हाकलत नव्हता."

आणि रिकामी घागर खांद्यावर घेऊन ते पुन्हा विहिरीकडे निघाले.