वजीरसाहेबांचे वकील

मेलेल्या माणसाची बाजू घेऊन आमच्या सासऱ्यांइतकं भांडणारा माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात दुसरा नसेल. बाजारात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. म्हशीसाठी पोतं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी बहमनी सुलतानाच्या वजिराची हकीकत ऐकावी लागे. हा इराणी माणूस व्यापारी म्हणून इकडं आला, बिदरच्या दरबारात वजीर झाला, मुलूख वाढवला, मदरसा बांधला. परंड्याचा किल्लाही त्याचाच, असं लोक सांगतात. शेवटी जळणाऱ्या सरदारांनी सुलतानाचे कान भरले आणि सुलतानानं दारूच्या धुंदीत म्हाताऱ्याचं मुंडकं उडवायला लावलं. इथवर आलं की सासऱ्यांचा आवाज असा चढे, जणू मारेकरी समोरच पोतं धरून उभा आहे. एकदा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "कायतरी केलंच असंल की त्यानं." सासऱ्यांनी तराजूतली पेंड परत पोत्यात ओतली. "दुसऱ्या दुकानात जावा तुमी."

अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन येरमाळ्याहून परंड्याला मुलगी बघायला गेले, तेव्हा हे काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. मुलगी पसंत पडली. आत पानं वाढायला घेतली. तेवढ्यात हात धुवायला अंगणात गेलेले अण्णा पडल्या चेहऱ्यानं परत आले आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "निघतो आम्ही. कळवू."

सासरे दारात आडवे उभे राहिले. "पाव्हणं, जायचं तर जावा. पर कानात काय पडलं, तेवढं सांगून जावा."

अण्णा खाली बघत म्हणाले, "अंगणात एकजण म्हणला, पोरीला फिट येतात."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"वजीरसाहेबाला सुलतानानं येकदा समोर बसवून सरळ इचारलं असतं, तर त्यो वाचला असता," सासरे म्हणाले. "माजी पोरगी आत हाय. तिला इचारा."

"कोण वजीर?" अण्णा गोंधळले.

दाराआड सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आता हे हकीकत सुरू करणार आणि लग्न मोडणार, ही त्यांची भीती मला नंतर कळली. पण सासरे गप्प राहिले. मुलगीच बाहेर आली. नजर अण्णांवरच होती. "लहानपणी तापात एकदा आली होती. पुन्हा कधी नाही. तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडं मी येते."

अण्णा टोपी काढून खाली बसले. "मलाच आधी इचारायला पाहिजे होतं, पोरी," ते म्हणाले आणि सासऱ्यांकडं वळले. "त्या वजिराचं काय झालं म्हणालात?"

आमटी पार निवून गेली. हकीकत मात्र पुरी झाली.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. सासरे दुकान उघडतात, पण गिऱ्हाइकाला पोतं देऊन मुकाट्यानं वाटेला लावतात. परवा आमची लेक त्यांच्या मांडीवर बसून हट्टाला पेटली, तेव्हा त्यांनी वजीर सांगायला घेतला. सुलतान रागावला, सरदार हसले, आणि सासरे मध्येच थांबले.

"मग काय झालं, आजोबा?"

"मग न्हाय का, वजीरसाहेब घरी गेला," ते म्हणाले. "बायको जेवायची थांबली होती."