रथसप्तमीपर्यंत वेळ होता

डॉक्टरांनी निहारचं झबलं वर केलं आणि मला म्हणाल्या, "इथे बघा." माझ्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. "ब्राँकिओलायटिस आहे. म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज येते, त्यात चिकट कफ साठतो. विषाणू सर्दीचाच. मोठ्यांचं नाक गळतं, बाळांना मात्र धाप लागते. ऑक्सिजन कमी आहे, ॲडमिट करू या."

मग त्यांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत सर्दीवाल्या कोणाच्या संपर्कात आला होता?"

डायपरची पिशवी धरून सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "आईंना खोकला आहे. आणि भाजी आणायला त्या रोज बाजारात जातात."

डॉक्टरांनी सासूबाईंना मास्क लावायला आणि बाळापासून लांब राहायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि त्या वारज्याला आमच्या घरी निघून गेल्या.

त्यांचा खोकला धुळीचा आहे. दर थंडीत येतो, दर उन्हाळ्यात जातो. लग्न झाल्यापासून मी तो ऐकते आहे.

खरं काय झालं ते सांगायची लाज वाटते. तरी सांगते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या आईच्या घरी आत्ता अशीच बोरन्हाणाची तयारी चालू असेल.

त्याआधी निहारला गॅस्ट्रोएन्टरायटिस झाला होता, म्हणजे पोटात विषाणू शिरून उलट्या आणि जुलाब. मी घाईघाईनं ओआरएसची वाटी त्याच्या तोंडाला लावायचे आणि सगळं माझ्याच अंगावर परत यायचं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. एक चमचा, मग थांबायचं, मग पुन्हा एक चमचा. त्या तशाच बसून राहायच्या, पाय अवघडले तरी. डायपर पुन्हा ओले व्हायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता धोका टळला, पण अंगात त्राण नाही. थोडे दिवस गर्दीत नेऊ नका."

गर्दीत मी त्याला नेलं नाहीच. गर्दी घरी बोलावली.

निहारचं बोरन्हाण ठरलं होतं. हलव्याचे दागिने आले होते, मुकुट तर त्याच्या डोक्याचं माप देऊन करून घेतला होता. सासूबाई म्हणाल्या, "गौरी, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं गं. पोराला जरा अंग धरू दे." मी म्हणाले, तोवर हलवा मऊ पडेल. खरं तर इतके दिवस ओकलेल्या गाऊनमध्ये काढल्यावर मला एक छान साडी नेसायची होती. मैत्रिणींच्या बाळांचे फोटो येऊन गेले होते, माझ्याच बाळाचा राहिला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते पोरानं मोजलं.

त्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचा फोन आला. "अगं, रियाला जरा सर्दी आहे. आणू की नको?"

"आण गं! सर्दीचं काय एवढं? बोरं लुटायला मुलं नकोत का?"

त्या बिचारीनं विचारलं होतं. मीच रियाचं नाक पुसलं आणि फोटोसाठी तिला निहारच्या पाटाशेजारी बसवलं. तिनं वाकून त्याच्या गालाचा पापा घेतला. सगळे म्हणाले, किती गोड. मलाही फार गोड वाटलं.

पुढे निहारचं नाक वाहणं, मग खोकला, मग दूध सोडणं. मला वाटलं, पोटच पुन्हा बिघडलं. बाळ दूध घेईना, छाती आत ओढली जायला लागली, डायपर कोरे राहायला लागले, तर वाट बघू नका. मी बघितली.

दवाखान्यात त्याच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली. सलाईनचे थेंब टाकून सिस्टर नाक साफ करायच्या, तो किंचाळायचा आणि मी त्याचे हात धरून ठेवायचे. मी अँटिबायोटिकबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "विषाणूवर ते चालत नाही. आपण आधार द्यायचा, लढायचं त्याचं त्यालाच." तो वाचेल ना, असं विचारायचं मला धाडस झालं नाही.

सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. मास्क लावून खालीच थांबायच्या, "दूध घेतलं का त्यानं?" एवढं विचारायच्या आणि परत जायच्या. डब्यात माझ्यासाठी मऊ भात, मेतकूट आणि वर तूप.

निहारनं पहिल्यांदा पोटभर दूध घेतलं त्या सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "आजींना मात्र अजून लांबच ठेवा." तेव्हा माझा बांध फुटला. बोरन्हाण, रिया, फोन, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आईंमुळे नाही झालं हे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोणामुळे झालं, हे मी विचारलंच नव्हतं. कोणाच्या संपर्कात आला, एवढंच विचारलं होतं."

निहार आता ठणठणीत आहे. डॉक्टरांचे, सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण मला आठवतो तो, डॉक्टरांना सगळं सांगितलं त्या दुपारचा दवाखान्याचा खालचा हॉल. सासूबाई डबा घेऊन उभ्या होत्या.

"अहो आई, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. रियाला सर्दी होती, मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं. माझ्यासमोरच पुसलंस की तिचं नाक."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोराचा श्वास चालेना, आणि तिथे आपण सासवासुनांनी वाद घालायचा होता का?"

मी रडायला लागले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, मास्क नीट केला आणि हळूच विचारलं, "मग... मी वर आले तर चालेल का आता?"