हद्दीत राहणारे व्याही

वेगाची हद्द मनापासून पाळणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला आहे. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली. पोरं पुण्याला असतात, व्याही हिंगणघाटला आणि मी नाचणगावला. त्यांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं आणि त्या चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला ना बोटभर कमी दिलं, ना बोटभर जास्त. लग्नाच्या बस्त्याला मी त्यांच्याकडे एका ब्लाउजपीसवर चार बोटं वाढवून मागितली होती. मुलीची आई मागते आहे म्हटल्यावर दुसऱ्या कोणी अख्खा तागा दिला असता. हे म्हणाले, "इहीनबाई, कमी देणं चोरी आहे आन् जास्त देणं मूर्खपणा. मीटर म्हणजे मीटर." तो ब्लाउज मला आजही काखेत टोचतो.

सत्तरी गाठल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि नवी गाडी घेतली. समोरच्या काचेला आतून एक कॅमेरा आहे. तो रस्त्याकडेची पाटी वाचतो आणि हद्दीचा आकडा लाल गोलात समोरच्या पडद्यावर आणून ठेवतो. काटा त्याच्या वर गेला की गाडी टिंग टिंग करते, आणि तरी ऐकलं नाही तर आतून एक बाई इंग्रजीत बोलते. व्याह्यांना इंग्रजी येत नाही, पण बाईमाणूस बोलते आहे म्हणून ते दर वेळी अदबीनं उत्तर देतात, "हो बाई, पाहून राह्यलो." आणि हद्द पाळायची म्हणजे तिच्या खालीही राहायचं नाही. पडद्यावर पन्नास आलं की काटा पन्नासवर. अठ्ठेचाळीस म्हणजे माप मारलं. पुलगावच्या शाळेपुढे पंचवीसची पाटी आहे, तिथे रविवारीही पंचवीस. एका रविवारी ते मला एका कार्याला नेत होते, तर त्यांचा एक जुना गिऱ्हाईक सायकलवरून आमच्या खिडकीला लागून चालत राहिला, त्यानं घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली, सुनेची तक्रार सांगितली, आणि जाताना म्हणाला, "शेठजी, गाडी बिघडली असंन तर धक्का मारू काय?"

सगळ्यात मोठा घोळ ट्रकांनी केला. ट्रकांच्या मागच्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या वेगाचा आकडा रंगवलेला असतो, आणि कॅमेऱ्याला पाटी कोणती आणि ट्रकचं बूड कोणतं ते कळत नाही. एकदा नागपूरच्या हायवेवर कापसाच्या गठाणींचा एक ट्रक आमच्या पुढे आला. त्याच्या मागे चाळीस लिहिलेलं होतं. पडद्यावर चाळीस उमटलं, व्याह्यांनी गाडी चाळीसवर आणली, आणि तो ट्रक मात्र साठनं निघून गेला. आम्ही रिकाम्या हायवेवर चाळीसनं चाललो आणि मागे हॉर्नची वरात. मी म्हटलं, "अहो, तो आकडा ट्रकचा आहे, तुमचा नाही." ते म्हणाले, "आकडा कोणाचा का असंना, माह्यासमोर आला ना? आता दुसरी पाटी येतपर्यंत हाच." ज्या लग्नाला निघालो होतो तिथे पोचलो तेव्हा मंगलाष्टकं होऊन गेली होती. हातातल्या अक्षता आम्ही जेवायला बसलेल्या नवरानवरीच्या मठ्ठ्यावर टाकल्या.

आता मी हसते आहे खरी, पण वेगाच्या बाबतीत माझं पूर्वचरित्र सांगण्यासारखं नाही, म्हणूनच सांगते. लग्न होऊन नाचणगावात आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्याकडे एक मोपेड होती. पदर कमरेला खोचून, नवऱ्याचा काळा गॉगल लावून मी पुलगावला भाजी आणायला निघायची ती जणू लढाईवर. मोपेड जाऊन जाऊन चाळीस जायची, पण मला वाटायचं, मी गेले की गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत राहतात. बघायच्याही, त्यांच्या वाळवणावर माझा धूर किती बसला ते. एकदा सायकलवरून चाललेल्या माझ्या सासऱ्यांना मी हॉर्न मारून मागे टाकलं, तेही डोक्यावर पदर नसताना. संध्याकाळी घरात पंचायत बसली. ती पदराबद्दल होती, वेगाबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणून वेग कमी करण्याचं कारण मला दिसलं नाही. पुढे नवऱ्यानं जीप घेतली. तीही मी शिकले आणि पहिल्याच दिवशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात घालून थांबवली, कारण ब्रेकचा धडा दुसऱ्या दिवशी होता. लायसन मात्र मी आजवर मरू दिलेलं नाही.

तर व्याह्यांच्या हातून एक चूक झाली. गाडी मागे घेताना त्यांनी स्वतःचंच फाटक ठोकलं. वेग पाच होता, पण पुण्याला बातमी पोचली आणि माझे जावई धावत आले. एकटा राहणारा बाप, त्यात गाडी, त्यात वय. जावयांनी गाडी आपल्या फोनला जोडून घेतली. काटा ऐंशीच्या वर गेला की पुण्याला मेसेज. "बाबा, एक मेसेज आला तरी गाडी विकायची," असं ठरलं. व्याही हसले. ऐंशीच्या वर ते स्वप्नातसुद्धा गेले नसते. पण गाडी गेली तर हिंगणघाटच्या त्या घरात उरणार काय, तर एक टीव्ही आणि दुकानातला मोजायचा लोखंडी गज, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही.

त्यानंतर वर्ध्याला एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. दोन्ही घरांना बोलावणं होतं, आणि विहिणीला मानानं न्यायचं, मानानं पोचवायचं, हा व्याह्यांचा नेम. परत येताना देवळी मागे पडली आणि त्यांनी गाडी निंबाखाली उभी केली. "डोळ्यात मिरची गेल्यावाणी होऊन राह्यलं," म्हणाले, औषधाचे थेंब घातले आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं जाहीर केलं. चौथ्या मिनिटाला मी म्हटलं, "सरका इकडे. मी चालवते."

"हद्दीत राहसान ना, इहीनबाई?"

"राहीन."

राहायचंच होतं मला. पण रस्ता नवा, सिमेंटचा, रिकामा. गाडीला आवाज नाही, हादरा नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गाड्यांनी वेग आला की आधी बोंब मारली होती. ही गुमान चालली. ती गॉगलवाली पोरगी कुठून तरी आली आणि तिनं माझा पाय दाबला. टिंग टिंग झालं, ते मला पैंजणासारखं वाटलं. इंग्रजी बाई बोलली, तिला मी उत्तर दिलं नाही. शेजारून, डोळे मिटलेलेच ठेवून, व्याही शांतपणे म्हणाले, "इहीनबाई, ब्याण्णव."

मी पडद्याकडे पाहिलं. ब्याण्णवच होते.

पाय काढते न काढते तोच गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. जावईच होते. "बाबा, ब्याण्णव? तुम्ही चालवून राह्यले होते?"

मी तोंड उघडलं. व्याह्यांनी हातानं मला थांबवलं. "हो, मीच. रस्ता मोकळा दिसला. मन झालं."

"मन झालं? ठरलं ते आठवते ना? शनिवारी येतो मी. गाडीचं पाहू."

"येजो. येताना नातवाले आणजो."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "हे काय केलंत तुम्ही?" तर म्हणाले, "गाडी गेली तर गेली. पण सुनेच्या मायनं जावयापुढे मान खाली घालावी, हे आमच्या घरी चालत नाई. तुम्ही पहिले साठवर या."

आता एवढी शूर बाई मी, मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या मिनिटाला फोन. मी केला नाही. सासूनं जावयाला असलं सांगायचं कसं, म्हणून चार दिवस वाती वळत बसले. गावाला वर्षभर पुरतील एवढ्या वळल्या. शनिवारी उठले आणि एसटीनं हिंगणघाट गाठलं. अंगणात गाडी धुऊन उभी होती. घ्यायला आलेला माणूस ओसरीवर चहा पीत होता, आणि व्याही मलमलच्या तुकड्यानं काच पुसत होते, कॅमेऱ्याच्या बरोबर समोरची.

मी पायातली चप्पलही काढली नाही. "जावईबापू, ते ब्याण्णव माझे आहेत."

जावई बापाकडे बघायला लागले. बाप माझ्याकडे. "काऊन सांगतलं तुम्ही?" व्याही म्हणाले. "चांगलं मोजून, बांधून देल्लं होतं मी."

आतून माझी लेक आली, तिला हसू आवरत नव्हतं. "मी यांना त्याच दिवशी म्हटलं, बाबा नाहीत ते, आई आहे. तर म्हणतात, सासूबाईंना असं कसं विचारू?" म्हणजे सगळे माझी अब्रू झाकत होते आणि गाडी तेवढी विकली जात होती. आलेल्या माणसाला दुसरा कप चहा देऊन वाटेला लावलं.

गाडी राहिली. पुरतं वर्ष राहिली. मग एका सकाळी व्याही स्वतःच एसटीनं माझ्याकडे आले आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "एका डोळ्याचं आता काही होत नाई म्हणते डॉक्टर, आन् दुसऱ्यातही धुकं आहे. पाटी मशीनले दिसते, मले नाई दिसत. तिच्या भरोशावर चालवणं बेइमानी आहे." मी किल्ली उचलून पदराच्या गाठीला बांधली.

आता गाडी माझ्या अंगणात असते. कुठे कार्य निघालं की मीच हिंगणघाटला जाऊन व्याह्यांना मानानं घेऊन येते, मानानं पोचवते. टिंग टिंग मी बंद करून टाकलं आहे, कारण डाव्या बाजूला ते असतात. डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांच्या सरसरीवरून, नुसत्या कानानं, त्यांना आकडा कळतो. दिवाळीनंतर वर्ध्याहून त्यांना सोडायला चालले होते. पडद्यावर ऐंशी होतं.

"इहीनबाई, इथं ऐंशी चालते. तुम्ही पन्नासवर आहा."

"असू द्या. घाई कोणाला आहे?"

माप मारलं म्हणून आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. "दोहीकडं कापूस फुटला काय?"

"फुटला. पांढरं झालंय सगळं."

त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. मग म्हणाले, "मंग चाळीसवर घ्या."

मी घेतली. मागे हॉर्न वाजायला लागले.