मधातली गोळी

शांतवन शिरसाठ घणसोलीच्या खाडीकडच्या मिठागरावर कारकून म्हणून लागले ते १९५० साली. त्यांच्याबरोबर त्यांची बायको विमलबाई आली. दोघंही नगरकडचे ख्रिस्ती. मिठागराच्या बांधावर मालकानं त्यांना एक खोली दिली होती, कुडाच्या भिंतींची आणि कौलांची. गावात दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. रविवारी भरतीची वेळ सोयीची असली तर दोघं होडीनं ठाण्याच्या ख्रिस्ती देवळात जात, नसली तर खोलीतच बसून उपासना करत.

विमलबाईंना उपदेशक म्हणून कुणी पाठवलं नव्हतं. पगार नव्हता, हुद्दा नव्हता. पण ज्याला मिळालं त्यानं दुसऱ्याला सांगायचं असतं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं आणि मनाला लावून घेतलं होतं. दुपारची कामं आटोपली की त्या गावात जाऊन कुणाच्या तरी ओटीवर बसत. बायका तांदूळ निवडत, सुकी मासळी वेगळी करत, आणि विमलबाई येशूच्या गोष्टी सांगत. गोष्टी सगळ्यांना आवडायच्या. "तुमचा देव बरा हाय. आमच्या गावदेवीच्या बाजूला बसवू त्याला, जागा हाय तिथं," असं धोंडूबाई म्हणायची आणि सगळ्या खो खो हसायच्या. विमलबाईही हसायच्या. घरी आल्यावर मात्र ते हसणं त्यांना डाचत राही.

अशी पाच वर्षं गेली. ठाण्याला पाळकसाहेब भेटले की विचारत, "काय, घणसोलीचं काय?" विमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहत. अजून गावातलं एकही जण उपासनेला आलं नव्हतं.

१९५५च्या पौषात धोंडूबाईचा नातू कान्हा आजारी पडला. आठ महिन्यांचं पोर, छाती कफानं भरलेली, श्वासाबरोबर बरगड्या आत जात होत्या. त्याचा बाप पंढरी रेतीच्या गलबतावर कामाला होता, तो आठ-आठ दिवस घरी नसे. घरात धोंडूबाई आणि तिची सून सखू. धोंडूबाईनं पोराच्या पोटाला डाग देण्यासाठी विळा तापत ठेवला होता. ठाण्याचं नाव तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. तिचा पहिला नातू तिथं सुई टोचल्यानंतर दगावला होता, आणि तेव्हापासून डॉक्टरचं औषध त्या घराचा उंबरा ओलांडत नव्हतं.

विमलबाईंच्या घरी सल्फाच्या सहा गोळ्या होत्या. महिन्यापूर्वी शांतवनांच्या छातीत सूज आली होती, तेव्हा डॉक्टरनं दिलेल्यातल्या त्या उरलेल्या. विमलबाईंनी गोळीचा पाव तुकडा कुटून मधात कालवला, पोराला चाटवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. दिवसातून चार वेळा, चार दिवस. त्यांच्या शब्दावर धोंडूबाईनं विळा चुलीतून बाहेर काढला. पाचव्या दिवशी पोर आईच्या अंगावर पोटभर प्यायलं आणि हसलं.

त्या दिवशी गोळीचं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण ओटीवर बायका जमल्या होत्या. सखूनं पोर विमलबाईंच्या पायाशी ठेवलं आणि विचारलं, "तुमी काय केलाव?"

"मी काही नाही केलं. प्रभूनं केलं," विमलबाई म्हणाल्या.

त्यात खोटं काय होतं, असं त्यांनी स्वतःला विचारलंही. प्रार्थना तर केलीच होती, अगदी कळवळून. शांतवनांनी घरी विचारलं, "गोळीचं सांगितलंस का?" त्यांनी उलट विचारलं की गोळी तरी कुणी दिली, त्यानंच ना? शांतवन मितभाषी माणूस. त्यांनी हिशेबाची वही पुढं ओढली.

यानंतर गावातल्या ओट्या खऱ्या अर्थानं उघडल्या. सखू रविवारी मिठागरावरच्या खोलीत येऊ लागली. तिच्या मागून कधी एक, कधी दोन बायका येत. ठाण्याला पाळकसाहेबांनी विमलबाईंना देवळातल्या मंडळीसमोर उभं करून प्रभूच्या कामाची साक्ष द्यायला सांगितली. त्यांनी ती दिली, आणि लोकांनी डोळे पुसले. पुढं मुलुंडहून बोलावणं आलं, मग कल्याणहून. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी जास्त गुळगुळीत होत गेली. पहिल्यांदा त्या "मध दिला" एवढं तरी म्हणत. नंतर मधही गळाला. आणि सखूला त्या पुन्हा पुन्हा एकच शिकवत होत्या: मागताना मनात शंका धरायची नाही.

सखूनं ते मनापासून घेतलं. सखूसारखं कुणी घेतलं नाही.

१९५७च्या भाद्रपदातली वद्य चवथ. सकाळी अकराच्या सुमारास सखूनं विमलबाईंना बोलावणं पाठवलं. सखूची थोरली मुलगी, सहा वर्षांची कमळी, तीन दिवस तापानं पडली होती. तीन दिवस सखू एकटीच प्रार्थना करत होती. विमलबाईंना आधी बोलावलं नाही, कारण आता आपल्यालाही येतं असं तिला वाटलं होतं.

विमलबाईंनी पोरीला उजेडाकडे वळवून तोंड उघडायला लावलं. घशात राखाडी पांढरा पडदा धरला होता आणि तोंडाला कुजका वास येत होता. मान सुजून कानाखाली भरली होती. हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ असाच घटसर्पानं, घसा बंद होऊन गेला होता, आणि तेव्हा डॉक्टर म्हणाला होता की वेळेवर इंजेक्शन मिळालं असतं तर वाचला असता.

त्या उठून थेट धक्क्यावर गेल्या. गोटीरामची होडी तिथं होती. चवथीला भरती तीनला भरते. भरतीच्या पाण्याबरोबर होडी ठाण्याला लागायची तर दीडच्या आत निघायला हवं, नंतर ओहोटी लागली की खाडीच्या वरच्या अंगाला नुसता चिखल. पायवाट भाद्रपदात तीन ठिकाणी पाण्याखाली असते. गोटीराम म्हणाला, चला, पण पाणी माझ्यासाठी थांबत नाही. शांतवनही मिठागरावरून आले. ठाण्याचा दवाखाना त्यांच्या माहितीतला होता.

विमलबाई परत आल्या तेव्हा ओटीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. सखूच्या मांडीवर कमळी होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज येत होता.

"सखू, ऊठ. होडी तयार आहे. हिला आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्यायचंय."

सखू हलली नाही. "कान्हाला कुठं नेलता? तुमी मध चाटवलाव, डोले मिटलाव, झाला."

"हे वेगळं आहे गं. याला इंजेक्शन लागतं."

"देवाला यगलं काय न् हे काय?" सखूचा आवाज शांत होता. "आता दवाखान्यान नेली तं त्याला कलेल का माझा भरवसा नाय. मग तो कान्हाला पन नेईल."

विमलबाई म्हणाल्या की डॉक्टरही देवानंच दिलेत, औषधंही त्याचीच. सखूनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ह्या आधी नाय सांगलाव," ती म्हणाली.

आतून धोंडूबाई म्हणाली की सुई टोचायला माझी नात मी देणार नाही, ती इथंच बरी होईल, नाहीतर इथंच मरेल. खांबाला टेकून काशी बसली होती, शेजारच्या घरातली. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर होतं, तेही किरकिरत होतं. तिनं विमलबाईंचा पदर ओढला. "बाय, माझ्या पोरालाबी कालपासून कसर हाय. मध आनलाव तं त्यालाबी चाटवा."

विमलबाईंना त्या क्षणी एक वाट स्पष्ट दिसली. डोळे मिटायचे, दोन मिनिटं थांबायचं आणि म्हणायचं: प्रभूनं मला आत्ता सांगितलं, पोरीला ठाण्याला ने. सखू तत्क्षणी उठली असती. पोर होडीत गेली असती. सात वर्षांचं काम जागच्या जागी राहिलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी खरोखरच डोळे मिटले. शब्द ओठांवर आले होते.

पण काशीनं पदर सोडला नव्हता. तिच्या पोराची धग त्यांच्या हाताला लागत होती. उद्या याचा घसा धरेल तेव्हा काशी मध चाटवत बसेल. परवा आणखी कुणी. आणि दर वेळी देवाचा निरोप सांगायला आपण असूच असं नाही. त्यांनी डोळे उघडले.

"मधात गोळी होती," त्या म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कान्हाच्या वेळी. डॉक्टरची गोळी होती, मी कुटून मधात घातली होती. दिवसातून चार वेळा, चार दिवस. तुम्हाला सांगितलं नाही. प्रार्थना केली ती खरी, पण गोळी होती. आणि तशी गोळीही याला चालत नाही, याला इंजेक्शनच लागतं."

धोंडूबाई बाहेर आली. "माझ्या घरान? माझ्या डोल्यांसमोर?"

"हो."

"दोन वरसं?" सखूनं विचारलं.

"हो."

खाडीकडून गोटीरामची हाक आली. सखू तशीच बसून होती, विमलबाईंकडे बघत, जणू या बाईला ती प्रथमच पाहत होती. विमलबाईंना वाटलं, संपलं. खरं बोलले आणि पोरही जाणार. आता ही माझं कशाला ऐकेल? गुडघे टेकून विनवावं म्हणून त्या वाकल्या, तर धोंडूबाईनं त्यांना बाजूला लोटलं आणि सुनेच्या खांद्याला हात घातला.

"बसलीस काय? ही बाय चोरटी निघाली, पन गोलीनं पोर जगला ना? मग ने हिला. ऊठ."

सखू उठली. पोरीला खांद्यावर घेऊन ती चिखलातून धावत सुटली. काशीही तिच्या मागून पोर घेऊन निघाली. होडीत चढताना विमलबाईंनी आधाराला हात पुढं केला, तो सखूनं धरला नाही. "तुमी नको," एवढंच म्हणाली. शांतवन चढले. गोटीरामनं बांबूनं होडी लोटली. पावणेदोन झाले होते, पण पाणी अजून चढत होतं.

विमलबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या. होडी वळणाआड गेली तरी उभ्याच होत्या. त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द सगळे तेच येत होते, ओट्यांवर वापरलेले, मुलुंडला आणि कल्याणला वापरलेले, आणि त्यातला एकही तोंडी घ्यावासा वाटत नव्हता. शेवटी त्या नुसत्या "पोरगी, पोरगी" म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गोटीराम निरोप घेऊन आला. इंजेक्शन दिलं होतं, पण श्वास अडला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. डॉक्टर भरवसा देत नव्हते. काशीच्या पोरालाही टोचलं, ते बरं होतं. सहा दिवस गावात रोज एकच विचारणा, आणि रोज तेच उत्तर. विमलबाई पाण्याला गेल्या की विहिरीवरच्या बायका गप्प होत. एकीनं त्यांना "मधवाली" म्हटलं आणि ते नाव गावानं उचललं.

सातव्या दिवशी कमळीनं डोळे उघडून पेज मागितल्याचं कळलं. तिला घरी यायला महिना लागला. आवाज घोगरा झाला तो कायमचा.

त्या महिन्यातल्या एका रविवारी विमलबाई ठाण्याच्या मंडळीत उठून उभ्या राहिल्या आणि साक्ष द्यायची परवानगी मागितली. गोळीपासून होडीपर्यंत सगळं सांगितलं. कुणी डोळे पुसले नाहीत. उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, हे मला खाजगीत सांगता आलं असतं. त्यानंतर कुठूनच बोलावणं आलं नाही. रविवारी खोलीत पुन्हा दोघंच बसू लागले. विमलबाईंनी मिठागर सोडून नगरला परत जाऊ असंही एकदा म्हटलं. शांतवन म्हणाले, जाऊ, पण इथून पळून जातोय असं वाटायचं थांबलं की जाऊ.

दिवाळीनंतर एका दुपारी सखू आली. दारातच उभी राहिली.

"गोली तं गोलीनं केला," ती म्हणाली. "सुई तं सुईनं केला. मग तुमच्या देवानं काय केला? आता गाललेलं नको. सगलं सांगा."

या प्रश्नाची विमलबाईंकडे पाच-सहा तयार उत्तरं होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"मला सगळं माहीत नाही, सखू. मी एवढंच सांगू शकते. त्या दिवशी तुझ्या ओटीवर माझ्या तोंडात दुसरं खोटं तयार होतं. देवानं सांगितलं म्हणणार होते. तू ऐकलंही असतंस. ते त्यानं मला बोलू दिलं नाही. हे माझ्यानं झालेलं नाही. माझ्यानं होत असतं तर दोन वर्षांपूर्वीच झालं असतं."

सखू खाली बसली. पदरानं मान पुसली.

"मी ऐतवारी येनार नाय," ती म्हणाली.

"बरं."

"तुमी या आमच्याकडं. सासू शिव्या देईल. ऐकून घेवा."

दुसऱ्या दिवशी विमलबाई गेल्या. धोंडूबाईनं तासभर शिव्या दिल्या, नवऱ्याच्या नगरापासून मिठागरापर्यंत काही सोडलं नाही. विमलबाई ओटीच्या कडेला बसून ऐकत राहिल्या. मग धोंडूबाईला खोकला आला, तेव्हा त्यांनी उठून तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि पुन्हा सुरू झाली.